सात नंबरचा ड्रम

कौसाबाईबद्दल आमच्या जुन्या गल्लीत अजून दोन गोष्टी सांगतात. एक, तिनं नवरा सोडला. दुसरी, नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं. दोन्ही धादांत खोट्या आहेत. कुणीही कुणाला सोडलं नव्हतं, आणि नेमकं तेच गल्लीला सोसलं नाही. परवा एका लग्नात पंगतीला बसलेली एक बाई "ती बजाजनगरची कौसा गं, घरात एक, बाहेर एक" म्हणून खिदळली. हातातलं ताट तिच्या अंगावर टाकावं असं वाटलं. टाकलं नाही. मी भित्रीच आहे, आणि किती भित्री आहे ते पुढं येईलच. पण घरी आले, पदर खोचला आणि लिहायला बसले.

आम्ही बजाजनगरला राहायला गेलो तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणत. वाळूजच्या बाजूला काल बाजरी होती तिथं आज चुन्यानं आखलेले प्लॉट दिसत. आमच्या गल्लीत एकाच मालकाच्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या, समोरासमोर. माझ्या दारासमोर कौसाबाईचं दार. तिचा नवरा नामदेव कंपनीत मशीनवर होता. ती स्वतः एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. एक मुलगी, ती लग्न होऊन पैठणकडे गेलेली. मी घरी शिकवण्या घ्यायची, म्हणून कौसाबाई मला पहिल्या दिवसापासून मास्तरीण म्हणायला लागली. मी तिला वहिनी म्हणायची.

उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत बाई. तिचं माहेर धनगराचं, मेंढरांमागं वाढलेली. हातात कायम लोकरीची टकळी. बोलता बोलता सूत काढायची, आणि तिचा राग त्या टकळीवरून ओळखायचा. टकळी संथ फिरली तर सगळं ठीक, गरगरायला लागली की समोरच्यानं सांभाळून राहायचं. आणि टकळी थांबली की समजावं, आता ही कान देऊन ऐकतेय.

तिला हळू बोलता यायचं नाही. एकदा मी म्हटलं, "वहिनी, जरा हळू बोला ना, पोरं अभ्यास करतायत." तर म्हणाली, "हळू बोलायला म्या काय चोरी केली का?" हे तिचं साऱ्या आयुष्याचं म्हणणं होतं. हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, असा तिचा पक्का समज. कँटीनमध्ये एकदा तपासणीला साहेब आले. मुकादमानं बायकांना दटावून ठेवलं होतं की भाजी आजचीच आहे म्हणून सांगायचं. साहेबानं विचारल्यावर हिनं पळी वर करून सांगितलं, "कालची हाय. तुमी खाणार असाल तर आजची करते." तीन दिवस तिला घरी बसवलं. ते तिन्ही दिवस ती दारात टकळी फिरवत मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

मग ती लागोपाठची दुष्काळाची वर्षं आली. नळ कोरडे. पाचव्या-सहाव्या दिवशी टँकर यायचा. अंघोळीचं पाणी परातीत उभं राहून धरायचं, त्यात कपडे खळबळायचे, त्यानं फरशी पुसायची आणि उरेल ते संडासात. गल्लीतल्या सगळ्यांच्या कपड्यांना एकच रंग आला होता, मातकट. भांडणं नको म्हणून टँकरसाठी यादी केली. प्रत्येक घराला एक ड्रम, ड्रमवर पांढऱ्या रंगानं नंबर. माझं अक्षर बरं, म्हणून यादीही माझ्याकडे आणि नंबर रंगवायचं कामही माझ्याकडे. कौसाबाईचा नंबर सात.

अशाच एका उन्हाळ्यात ती सकाळी नामदेवचा शर्ट घेऊन माझ्याकडे आली. तो सुट्टीला लासूर स्टेशनला जायचा. भावाचा कांदा तिथल्या बाजारात घालायला जातो, असं सांगायचा.

"मास्तरीण, हे शर्ट बघ."

"बघितलं. मग?"

"पांढरं हाय का नाय?"

"हो, पांढरं आहे."

"आपल्या गल्लीत कुणाचं शर्ट पांढरं हाय सांग."

मी दोरीवरच्या आमच्या मातकट कपड्यांकडे बघितलं. ती म्हणाली, "दोन बादल्या लागल्या असतील ह्याला. एक धुवायला, एक खळबळायला. वर नीळ. आन् ह्याच्या अंगाला साबणाचा वास. दुष्काळात लोक पाहुण्याला चहा पाजतेत, अंघोळ घालत नायत. अंघोळीचं पाणी बाई फकस्त आपल्या माणसाला देती."

कुणाच्या चिठ्ठ्या सापडतात, कुणाचे फोन. नामदेव स्वच्छ आला म्हणून सापडला.

दुसऱ्या दिवशी ती पॅसेंजर धरून लासूरला गेली. आता बाई कुणाच्या तरी झिंज्या उपटून येणार, म्हणून आम्ही सगळ्या डोळे लावून बसलो. दुपारी आली ती थेट माझ्या ओट्यावर बसली. टकळी हातात होती, पण फिरत नव्हती.

"सुशीला नाव हाय. नवऱ्यानं टाकलेली. मार्केट यार्डापाशी चहाची टपरी हाय तिची."

"मग? काय केलंत?"

"शिव्या दिल्या. पोटभर दिल्या. ती खाली मान घालून ऐकत हुती. तिचा ड्रम बघितला म्या, अर्धाबी नव्हता. तिच्या सोताच्या केसाच्या जटा झाल्यात गं. आन् ह्याला दोन बादल्या." टकळी मांडीवर ठेवून म्हणाली, "मग तिनं चहा दिला."

"तुम्ही प्यायलात?"

"प्याले की. दूध नव्हतं त्यात, नुसतं पाणीच. पर दिला."

म्हणून तिनं नवऱ्याला लगेच माफ केलं असं कुणी समजू नये. चार महिने नामदेवचं ताट उंबऱ्याबाहेर होतं. तो बिचारा बोलायला गरीब. रडायचा, देवाच्या शपथा घ्यायचा, सुशीलाचं तोंड बघणार नाही म्हणायचा. एके दिवशी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो म्हणाला, तेव्हा तिनं हातातलं उलथणं फेकलं. गल्लीभर आवाज घुमला.

"शपथा घेऊ नको! उद्या मोडशील आन् परत खोटं बोलशील. त्या बाईनं तिच्या वाटचं पाणी तुझ्या अंगावर घातलं, आन् तू तिला अशी सोडतो व्हय? तिला सोडणारा मला कवा सोडंल, काय भरोसा?"

नामदेवला काही कळेना. मलाही कळलं नव्हतं, खरं सांगते. ती माझ्यापाशी मात्र मन मोकळं करायची. तिचा बाप संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना तोंडावर उभा राहायचा, हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. एकेक मेंढरू पुढून जाऊ द्यायचा, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवायचा. दुसऱ्याच्या कळपात शिरून परत आलेलं असलं तरी हात तसाच. "परत आलेल्या मेंढराला मारायचं नाय," ती म्हणायची. "मारलं की ते दुसऱ्यांदा येत नाय."

"पण वहिनी, तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. रोज येतो. राग हाय म्हणून तर इतकी दारात बसते. नसता तर घरात जाऊन निजले असते."

चार महिन्यांनी ताट आत आलं, नामदेव पुन्हा लासूरला जायला लागला, आणि मग ते दारातलं सुरू झालं. नामदेव लासूरहून आला की कौसाबाई उंबऱ्यात बसलेली असायची. तो बाहेर उभा. ती खणखणीत आवाजात विचारायची.

"कुठं गेला होता?"

"लासूरला."

"कुणाकडं?"

"सुशीकडं."

"जेवला का?"

"जेवलो."

"ये मग आत."

तो वाकून आत जाताना ती त्याच्या पाठीवर तळवा ठेवायची. तिची अट एकच होती. जायचं तर सांगून जायचं, आल्यावर खरं सांगायचं, तेही चारचौघांना ऐकू जाईल असं. खोटं बोलला तर दार बंद. पहिल्या दोन-तीन वेळा नामदेव लाजेनं मेल्यासारखा झाला. मग सरावला. मग तर, खोटं का बोला, तो पूर्वीपेक्षा ताठ चालायला लागला. दोघं ओट्यावर बसून हसताना दिसायला लागली, जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीला सुशीला चिवड्याचा डबा घेऊन आली आणि कौसाबाईनं तिच्या डोक्याला तेल लावून दिलं.

गल्लीला हे फार आवडलं. आवडलं म्हणजे काय, फुकटचा तमाशाच होता. गडीमाणसं नामदेवच्या पाठीवर थाप मारायची, "नशीबवान हाय लेका!" गल्लीच्या पाण्याचं बघणाऱ्या कमिटीचे जगन्नाथराव तर त्याला "राजे" म्हणायला लागले. बायका म्हणायच्या, कौसा म्हणजे देवमाणूस, किती सहन करते. हे ऐकलं की तिची टकळी गरगरायची. "सहन करती म्हणं! म्या काय दगड हाय का? ठरवून करते म्या. माझं ठरवलेलं हाय हे." कुणी ऐकून घेतलं नाही. ज्या बाईला सोसणारी म्हणून देव्हाऱ्यात बसवायचं ठरलंय, तिचं ऐकतो कोण?

दोनेक वर्षं अशी गेली. आमच्या मागच्या रानात चार मजली बिल्डिंग उठत होती, तिथं भानुदास नावाचा वॉचमन आला. कौसाबाईच्या माहेरच्या बाजूचा. चारा नाही, पाणी नाही म्हणून मेंढरं विकून शहरात आलेला, एकटा माणूस. ती त्याला अधूनमधून भाकरी नेऊन द्यायची. विटांच्या ढिगावर दोघं सूत काढत बसलेली मी पाहिली होती. त्यापलीकडे माझ्या मनात काही आलं नाही.

एका संध्याकाळी नामदेव पहिल्या पाळीवरून येऊन उंबऱ्यात बसला होता. कौसाबाई मागच्या रानाकडून आली आणि घरात न जाता बाहेरच उभी राहिली. रांगेतली सगळी दारं उघडी होती.

"इचार," ती म्हणाली.

"काय?"

"म्या तुला जे इचारते ते."

नामदेवनं इकडं तिकडं बघितलं. "कुठं गेली होती?"

"भानुदासकडं."

"कशाला?"

"तू लासूरला कशाला जातो?"

गल्लीत पीठ चाळण्याचा आवाज चालला होता, तोही थांबला. नामदेवचं तोंड पांढरंफटक पडलं. तो उठला आणि आत गेला. आता हा काठी घेऊन येणार, असं माझ्यासकट सगळ्यांना वाटलं. तो बाहेर आला तेव्हा तोंडावरून पाणी निथळत होतं. त्या दिवसांत कुणी उगाच तोंडावर पाणी मारत नसे. त्यानं मारलं होतं, भरपूर मारलं होतं. परत उंबऱ्यात उभा राहिला.

"जेवली का?" आवाज फाटला त्याचा.

"जेवले."

"ये मग आत."

ती वाकून आत गेली तेव्हा त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.  एवढं मोठं काम कुणा पुरुषानं केलेलं मी माझ्या डोळ्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलेलं नाही.

आणि गल्ली? काल जिला देवमाणूस म्हणत होते, तिला सकाळपर्यंत काय काय नावं दिली ती लिहायची मला लाज वाटते. नामदेव गेला की तमाशा, आणि ती गेली की पोरीबाळींवर वाईट संस्कार! नामदेवला "राजे" म्हणणारे जगन्नाथराव आता तो दिसला की खाकरून थुंकायचे. दोन दिवसांत बैठक बसली. बसली कुठं, तर माझ्याच घरात, कारण पाण्याची यादी माझ्याकडे. जगन्नाथराव म्हणाले, "असल्या घराला गल्लीच्या टँकरचं पाणी द्यायचं नाय. तहान लागली की जातील आपोआप." बायकांनी माना डोलावल्या. ज्यांना तिनं आजारपणात पोळ्या लाटून दिल्या होत्या, त्यांनीही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे मिस्टर खिडकीबाहेर बघत होते.

मी काय विचार केला ते सांगते. शिकवणीची पोरं बंद होतील, एवढाच. वह्या तपासायचा लाल पेन हातात होता. त्या लाल पेननं मी सात नंबरवर रेघ मारली.

टँकर आला तेव्हा ती पाइप घेऊन ड्रमपाशी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, सात नंबर कू पानी नको बोले लोगां." ती तडक माझ्या दारात आली.

"मास्तरीण, सात नंबर कुणी खोडला?"

"कमिटीनं," मी म्हटलं. "मला काही माहीत नाही वहिनी. मी घरी नव्हते."

यादी माझ्या मागेच खिळ्याला टांगलेली होती. तिनं एकदा यादीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"व्हय का," ती म्हणाली. अगदी हळू. तिला हळू बोलताना मी तेवढंच ऐकलं.

तहानेनं ती जाईल हा गल्लीचा हिशेब मात्र साफ चुकला. दुसऱ्या दिवशी नामदेव पाळीवरून येताना सायकलीला दोन कॅन बांधून आला. मागच्या बिल्डिंगच्या बोअरचं पाणी भानुदास डोक्यावर घेऊन आला, भर गल्लीतून, सगळ्यांच्या नाकासमोरून. आणि नामदेवचा निरोप मिळून उन्हं उतरताना लासूरच्या पॅसेंजरनं सुशीला आली, हातात एक कॅन, काखेला एक. स्टेशनपासून रिक्षावाला नेईल तिथपर्यंत रिक्षानं आणि पुढं पायी. कौसाबाई उंबऱ्यात बसून ओरडून ओरडून एकेकाला विचारत होती, "कुठून आणलं?" आणि ते तिघं तेवढ्याच मोठ्यानं सांगत होते. तिनं ड्रम दाराबाहेर ओढला होता, आत ओतताना आवाज सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. सात नंबरचा ड्रम गल्लीच्या टँकरशिवाय भरला. जगन्नाथरावांनी दार लावून घेतलं. मीही.

मग घरमालकानं खोली सोडा म्हणून सांगितलं. पाणी तोडून जी बाई जाईना, तिला असं घालवलं. टेंपो आला तेव्हा सामान चढवायला चौघं होते. भानुदास आणि नामदेव कपाट धरून "जरा तिरपं घे, तिरपं" म्हणत होते, आणि सुशीला भांडी पोत्यात भरत होती. गल्ली दारांच्या फटीतून बघत होती. कौसाबाई शेवटी निघाली ती प्रत्येक दारासमोर थांबून शिव्या घालत. प्रत्येक घराला वेगळी शिवी, त्या त्या घराला शोभेल अशी. माझ्या दारासमोर थांबली नाही.

पुढं आम्ही पुंडलिकनगरला घर घेतलं. शहराचं नाव बदललं, बाजरीची रानं उरली नाहीत. मी तिची चौकशी करत राहिले, पण जायचा धीर होत नव्हता. मग एका उन्हाळ्यात, पुन्हा पावसानं दगा दिल्याच्या वर्षी, नात्यातल्या साखरपुड्याला लासूर स्टेशनला गेले. जेवायच्या आधीच मांडवातून उठले आणि मार्केट यार्डाजवळची टपरी विचारत निघाले.

टपरीमागं पत्र्याच्या दोन खोल्या. चुलीपाशी सुशीला, केस पिकलेले. नामदेव पाटावर बसून कांदा निवडत होता. सातआठ मेंढरं बांधलेली, त्यांच्यात कुणीतरी पाठमोरं उभं होतं, तो भानुदास असावा. आणि उंबऱ्यात कौसाबाई, टकळी फिरवत. म्हातारी झाली होती, पण बसायची ढब तीच. दाराशेजारी ड्रम होता, रंग उडालेला, तरी त्यावरचा सात मला लांबून ओळखू आला. माझं अक्षर.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तिनं मला ओळखलं. टकळी थांबली.

"कुठं गेली होती?" तिनं विचारलं. मोठ्यानं.

मला वाटलं होतं, बसेन, ख्यालीखुशाली विचारेन, मग हळूहळू विषय काढेन. ते सगळं राहिलं. "सात नंबर मी खोडला होता, वहिनी," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. सुशीला वळून बघायला लागली. "माझ्या हातानं. आणि तुमच्या तोंडावर खोटं बोलले."

"ठावं हाय. लाल शाई होती."

एवढंच बोलून ती उठली, ड्रमचं झाकण काढलं. वाकून, पार तळापर्यंत हात घालून तिनं तांब्या भरला आणि काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. मी तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. जेवली का, एवढं तिनं विचारलं असतं तर मी तिथंच बसून रडले असते. तिनं विचारलं नाही. ती परत उंबऱ्यात बसली, दाराच्या बरोबर मध्ये, आणि टकळी फिरायला लागली.

मी बाहेरच उभी राहून ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि तांब्या तिच्या हातात परत दिला.